बिनसाखरेची घावनं

पार्सिपनीतल्या आमच्या टाउनहाउसची उजवीकडची भिंत शेजारणीचीही आहे. शेजारीण कोलंबियाची. आम्ही राहायला आलो तेव्हा तिचा मुलगा पाठीवर दप्तर टाकून शाळेच्या बसमागे पळायचा. पुढे तो गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये लागला आणि त्याने मोटरसायकल घेतली. तिचा नवरा कधीचाच टेक्सासला निघून गेला होता, त्याचा विषय त्या घरात निघत नसे. ती एका शाळेच्या कॅफेटेरियात काम करायची. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमची ओळख झाली ती मक्यावरून.

न्यू जर्सीत भर उन्हाळ्यात शेतांच्या कडेला कणसांचे स्टॉल लागतात. पहिल्याच वर्षी मी हावरटासारखी मोठी पिशवी भरून कणसं आणली आणि घरामागच्या लाकडी डेकवर सोलत बसले. पलीकडच्या डेकवरून तिने विचारलं, "एवढ्यांचं काय करणार?"

"किसून फोडणीला टाकणार. मिरची, मोहरी, हिंग."

"मिरची? गोड मक्यात?" मी चहात मीठ घालते असं सांगितल्यासारखं तिने तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती ताटली घेऊन आली. तळहाताएवढे जाड, पिवळे गोल, खालून तपकिरी डाग पडलेले, मध्ये पांढरं चीज. म्हणाली, अरेपा दे चोक्लो. चोक्लो म्हणजे कोवळा मका. आमच्या सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि निकाल दिला, "हे तर घावन. गोड आणि लठ्ठ." तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव घावनं, आणि तिचं नाव मकाबाई. अर्थात ती ऐकत नसताना.

घावनं करायला मी तिच्याकडूनच शिकले. दाणे सुरीने उतरवायचे, मिक्सरमधून भरड काढायचे, त्यात लोणी, मीठ, साखर आणि मिश्रण धरून ठेवण्यापुरतं पीठ. इथला मका पाणचट, आमच्याकडच्या मक्याला पीठ लागत नाही, हे ती प्रत्येक वेळी सांगायची. पहिल्यांदा घरी केली तेव्हा मी इंडियन दुकानातून मक्याचं पीठ आणलं. पिशवीवर मक्याचं पीठ लिहिलंय म्हणजे मक्याचं पीठ, अशी माझी समजूत. तव्यावर सगळी फुटली आणि आतून कच्ची राहिली. तिने येऊन माझं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, हुंगलं. "हे कच्चं आहे. तुमच्या रोटीचं. आमचं आधी शिजवून वाळवलेलं असतं." मग तिच्या घरून पुडा आला. मंद आच, वर झाकण, आणि कडा सुकेपर्यंत उलथनं हातात धरायचं नाही. मला ते जमायला वेळ लागला. थालीपीठ टोचून टोचून बघणाऱ्या बाईला गप्प उभं राहता येत नाही.

ती सासूबाईंना "मामी" म्हणायची. सासूबाई पहिल्यांदा चकित झाल्या. "मला मामी म्हणते! माझ्या कुठल्या भाच्याची बायको ही?"

"आई, त्यांच्यात आईला म्हणतात. मायेने कोणालाही म्हणतात."

"म्हणू दे. तू आई म्हणतेस नि ऐकत तर काहीच नाहीस. हिचं बघू."

दोघींना येईल अशी एकही भाषा नव्हती, पण दोघींना मधुमेह होता आणि दोघी इन्शुलिन टोचायच्या. डेकवर बसून बोटांनी आकडे दाखवायच्या. सासूबाईंचा आकडा कमी आला की त्या दिवसभर खुशीत. साखरेला तिच्या भाषेत आसूकार म्हणतात हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे साखरच की. नुसती जीभ जड झालीय." तेवढा एक शब्द दोघींमध्ये चालायचा. घावनावर बोट ठेवून सासूबाई विचारायच्या "आसूकार?" आणि ती दोन बोटांमध्ये चिमूट दाखवायची. मग दोघी एकमेकींकडे चोरासारखं बघून अर्धं अर्धं खायच्या.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. मुलगा मोटरसायकलवर होता, हायवेच्या रॅम्पवर ट्रकखाली गेला. हे आम्हाला नंतर कळलं. आधी भिंतीतून आवाज आला. तो कसा होता ते मी लिहीत नाही.

त्यांच्यात माणूस गेलं त्या दिवसापासून नऊ रात्री जपमाळ असते. बाहेरच्या खोलीत मुलाचा फोटो, फुलं, मेणबत्त्या, समोर घडीच्या खुर्च्या. फ्लोरिडाहून तिची बहीण आली. चर्चमधल्या बायका रोज संध्याकाळी यायच्या, प्रार्थना म्हणायच्या, मग सगळ्यांना कॉफी, गोड पाव, केक. मी आणि सासूबाई रोज जाऊन मागे बसायचो. शब्द कळत नव्हते, पण पुन्हापुन्हा तेच म्हणत राहणं काय असतं ते कळत होतं. केक मात्र सासूबाईंना बघवेना.

"तरुण पोर गेलं आणि हे केक खातात?" त्या घरी येऊन म्हणाल्या.

"त्यांच्यात चालतं, आई."

"त्यांच्यात चालतं, पण तिला गिळवतंय का? तिच्या बशीला हात लागलेला मी एकदाही पाहिला नाही."

खरं होतं. ती कॉफीच्या कपाभोवती हात धरून बसायची आणि कप थंड झाला की कोणीतरी उचलून न्यायचं. मी वरणभात नेला, तो दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तसाच दिसला. बहिणीला मी विचारलं, ही खाते का? बहीण म्हणाली, "रात्री थोडं खाते." म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या लोकांत माणूस गेलं की तेराव्यापर्यंत घर रिकामं राहत नाही. कोणी ना कोणी पथारी टाकून असतं. मी तोच हिशेब मनात धरून होते आणि तोच चुकला. नवव्या रात्री बायकांनी फुलं काढली, मेणबत्त्या विझवल्या, खुर्च्यांच्या घड्या घालून चर्चच्या व्हॅनमध्ये भरल्या. त्यांच्या दृष्टीने व्हायचं ते झालं होतं. बहिणीची रजा संपली होती, पहाटेच्या विमानाने ती गेली. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेले तर शेजारच्या दारात एकही गाडी नव्हती.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. सकाळची मीटिंग उरकली आणि स्टॉलवर जाऊन कणसं आणली. कारण सरळ होतं. या बाईने काही खाल्लं तर ती तिच्या हातची वस्तू खाईल. वरणभात तिच्या ओळखीचा नाही.

दाणे उतरवून झाले, पीठ कालवलं, आणि मी साखरेच्या डब्याकडे वळले तशी सासूबाई टेबलापाशी बसल्या जागी म्हणाल्या, "साखर घालतेस की काय?"

"घावनांना लागते."

"दुखवट्याच्या घरी गोड नेतात का कधी? तेरावा झाला की आपण जाऊन तोंड गोड करू तिचं. तेव्हा घाल हवी तेवढी."

"त्यांच्यात तेरावा नसतो, आई. तिथे केक खाल्ला लोकांनी."

"लोकांनी खाल्ला. आपण लोक आहोत का?"

मी देवाधर्मातली नाही. गणपती बसवते तोही सासूबाईंसाठी. सुतक, सोवळं यांतलं मी या देशात काही पाळलेलं नाही. वाद घालून साखर घालता आली असती, सासूबाई दोन दिवस फुगल्या असत्या, एवढंच. पण मी डबा उघडला नाही. माझे वडील गेले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा चहापुरता खाली यायचा आणि परत फळीवर जायचा. तेवढं हातात राहिलेलं असतं, डोकं काहीही म्हणो. मका स्वतःच गोड आहे असं मी मनाशी म्हटलं आणि तवा तापत ठेवला.

चार घावनं झाली. डब्यात घालून मी शेजारी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. अंगात रात्रीचा गाउन. घरात एसी चालू होता, मला गार लागत होतं, आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता. टेबलावर इन्शुलिनचं पेन पडलं होतं, टोपण बाजूला. ताटली कुठेच नव्हती. सिंक कोरडं होतं.

मी डबा उघडून तिच्यापुढे केला. तिने एक घावन उचललं. हात थरथरत होता. कड चावली, दोनदा चावून थांबली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आसूकार नाही." मग हसली. त्यानंतर ती स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलू लागली, ते माझ्याशी नव्हतं. ती जिन्याकडे बघून बोलत होती, वर कोणीतरी झोपलंय आणि त्याला कामाला उशीर होतोय अशा आवाजात.

सासूबाईंची साखर उतरली की काय होतं हे मी घरात दोनदा पाहिलेलं आहे. घाम, थरथर, भलतंच बोलणं, आणि मग माणूस हाताबाहेर जातं. "खाल्लंस काय आज?" मी तिला हलवून विचारलं. "इन्शुलिन कधी घेतलंस?" तिने पेनाकडे बघितलं आणि परत जिन्याकडे.

मी कॉफीच्या शेजारचा डबा उघडला. साखर तिथे असते हे मला माहीत होतं. रिकामा. नऊ रात्रींची कॉफी त्यातच गेली होती. फ्रिजमध्ये लोकांनी आणलेले भाताचे आणि मटणाचे डबे, ज्यूस नाही. केक संपलेला. ज्या घरातला गोडवा सासूबाईंना नऊ दिवस खटकत होता त्या घरात आता चमचाभर साखर नव्हती, आणि मी आणलेल्या खाण्यातही नव्हती.

मी फोनवर नाइन वन वन लावला, स्पीकर चालू करून फोन हातात धरला आणि पत्ता सांगत घरी पळाले.

"काय झालं?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"पिठीसाखर कुठे ठेवलीत? लाडवाची?"

"खालच्या कपाटात. कशाला?"

"तिच्या तोंडात घालायचीय."

मी साखर आणि संत्र्याचा ज्यूस घेऊन धावले. त्या काठी घेऊन मागून निघाल्या.

मी ज्यूसचा ग्लास तिच्या ओठांना लावला. तिने तोंड मिटलं. मी म्हटलं, पी. तिने मान फिरवली. ज्यूस गाउनवर सांडला. फोनवरची बाई विचारत होती, पेशंट शुद्धीवर आहे का, गिळता येतंय का. मी म्हटलं, गिळता येतंय, पण गिळत नाहीये. मी तिचा दंड धरून पुन्हा ग्लास लावला, तिने माझा हात बाजूला केला. जोर नव्हता त्यात, पण चुकून केल्यासारखंही नव्हतं. दात घट्ट होते.

तेवढ्यात सासूबाई पोचल्या. काठी टेबलाला टेकवली, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पिठीसाखरेत बोट बुडवलं. दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी. आणि आपल्या शुद्ध मराठीत दरडावलं, "मामी म्हणतेस ना मला? मग तोंड उघड."

तिचे दात घट्टच.

"उघड म्हणते ना!"

तिने तोंड उघडलं. सासूबाईंनी साखरेचं बोट तिच्या गालाच्या आतून फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. तोंडात साखर घालायची ती पेपर पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, मुलगा झाल्यावर. मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशासाठी ती घातलेली पाहिली नव्हती. सासूबाईंचा हात अजिबात थांबला नाही. थोड्या वेळाने तिने ज्यूसचा एक घोट घेतला, मग दुसरा. अँब्युलन्स आली तेव्हा ती आपल्या हाताने ग्लास धरून बसली होती आणि रडत होती, म्हणजे शुद्धीवर होती.

अँब्युलन्सवाल्या पोराने तिच्या बोटातून रक्त काढून आकडा बघितला आणि भुवया वर केल्या. मला विचारलं, "शेवटचं काय खाल्लं हिने?"

"याचा एक घास." मी डबा दाखवला. "मक्याचा केक आहे. साखर नाही त्यात."

"शुगर-फ्री? डायबेटिक म्हणून?"

"हो," मी म्हटलं. बाकीचं त्याला कुठून सांगत बसू?

हॉस्पिटलमध्ये तिला ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, मलाही बाजूला घेऊन विचारलं. तिने सांगितलं, खाल्लं नाहीये हे विसरले, सवयीने टोचून घेतलं. मी सांगितलं, ती दहा दिवस जेवलेली नाही आणि घरात एकटी आहे, तेव्हा सोडायच्या आधी कोणीतरी तिच्याशी नीट बोला. ते बोलले. बहिणीला फोन केला, ती म्हणाली आत्ता परत येता येणार नाही, आणि फोनवर हुंदके देत राहिली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, संध्याकाळच्या जेवणाचं मी बघते, तू रोज दुपारी फोन कर. जबाबदारी अशी वाटून घेतली की कामं होतात.

रात्री नवऱ्याने विचारलं, "तुला काय वाटतं? विसरली की मुद्दाम?"

"मला वाटतं तिला घरी सोडलं की सात वाजता ती आपल्या टेबलावर जेवायला हवी," मी म्हटलं.

तिला सोडलं तो तिच्या मुलाचा बारावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आज तेरावा. घावनं कर. साखर घाल."

"साखर तर तोंडात घालून झाली की, आई. आता कसला तेरावा?"

"ती औषधाची होती. ही वेगळी."

सात वाजता मी जाऊन तिला घेऊन आले. धुतलेला ब्लाउज घातला होता, केस बांधले होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. दोघींची इन्शुलिनची पेनं मी टेबलावर माझ्या हाताशी ठेवली आणि नियम सांगितला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. ताट पुढ्यात आल्याशिवाय कोणी सुई हातात घ्यायची नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला? मी काय केलं?" मी म्हटलं, नियम दोघींना. ताटं वाढली, मग पेनं दिली. दोघींनी पोटाला टोचून घेतलं, खाली मान घालून. मग मी घावनं आणली.

तिने कड मोडली, खाल्ली. "आसूकार," ती म्हणाली. मी मान हलवली. अर्धं घावन तिने हळूहळू संपवलं. मग हात पुसून मला विचारलं, "त्या दिवशी मामी मला काय म्हणत होती?"

"तोंड उघड म्हणत होत्या."

"ते कळलं होतं मला." तिने ताटली जरा पुढे सरकवली. "मला उघडायचं नव्हतं."

नवरा जेवता जेवता थांबला. मी पाण्याचा जग उचलून तिचा भरलेला ग्लास पुन्हा भरला.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"घावनं चांगली झालीत म्हणतेय."

"खोटं बोलतेस. अर्धं तर टाकलंय." सासूबाईंनी हात लांब करून तिच्या ताटलीतलं उरलेलं अर्धं उचललं, एक तुकडा मोडला आणि तिच्या तोंडासमोर धरला. "उघड."

तिने तोंड उघडलं नाही. मग हात पुढे केला, सासूबाईंच्या बोटांतून तो घेतला, आणि स्वतःच्या हाताने खाल्ला.